मुलाभोवती कोण आहे?

तुमसर तालुक्यातलं नाकाडोंगरी हे मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं गाव. आसपास मँगनीजच्या खाणी आणि धानाची शेतं. समजा, इथला एक मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. घरच्यांनी लग्न लावून दिलं, मूल झालं. पुढे काही वर्षांनी, जे त्याला पहिल्यापासून माहीत होतं ते घरात उघड झालं: त्याचं मन पुरुषाकडे ओढ घेतं. लग्न मोडलं. बायको माहेरी रायपूरला गेली, तो पुण्यातच राहिला आणि मूल शाळेसाठी नाकाडोंगरीला आजीजवळ आलं. दोन वर्षांनी आई आणि बाप दोघंही म्हणू लागले, मूल माझ्याकडे हवं.

आता हा दावा कुठे चालेल? पुण्यात? रायपुरात? नाही. पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० याच्या नवव्या कलमानुसार, मूल नेहमी जिथे राहतं त्या जिल्ह्यातल्या न्यायालयात. म्हणजे तारीख पडणार भंडाऱ्याला. पुण्याचा बाप, रायपूरची आई, दोघांचे वकील, सगळ्यांनी मुलाच्या पत्त्यावर यायचं. १८९० साली, इंग्रजांच्या काळात लिहिलेल्या कायद्यात मोठ्यांच्या भांडणाचं केंद्र म्हणून एका अज्ञान मुलाचं घर धरलेलं आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो. त्या काळात मुलाचं मत घरात कोण विचारत होतं? पण याच कायद्याचं सतरावं कलम सांगतं की मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायालयाने त्याची पसंतीही विचारात घ्यावी. आजही अनेक न्यायाधीश वकिलांना बाहेर बसवून मुलाशी आपल्या चेंबरमध्ये एकटं बोलतात.

त्याच सतराव्या कलमात न्यायालयाने काय काय पाहावं याची यादी आहे. मुलाचं वय, लिंग, धर्म. पालक होऊ पाहणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत. नात्याची जवळीक. मुलाशी त्याचा आजवरचा संबंध. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पुढे आणखी स्पष्ट केलं की या सगळ्यांच्या वर एकच गोष्ट आहे, मुलाचं हित. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, हा नियमही त्याच कायद्यातला. आणि तोसुद्धा मुलाच्या हिताखालीच येतो.

या यादीतल्या ‘चारित्र्य’ या एका शब्दाने समलिंगी आईबापांना किती छळलं असेल! ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ दोन प्रौढ पुरुषांच्या संमतीच्या संबंधालाही गुन्हा मानत होतं, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होती. मुलाच्या ताब्याच्या दाव्यात समोरच्या वकिलाला फार काही करावंच लागत नसे. हा माणूस कायद्याने गुन्हेगार ठरू शकतो, एवढं सुचवलं की पुरे. बहुतेक बाप त्या आधीच माघार घेत. बदनामी नको, नोकरी जायला नको, गावात आईवडिलांना तोंड दाखवता यायला हवं, म्हणून परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कागदावर सही करून मुलावरचा हक्क सोडून देत. असे दावे निकालपत्रांत फारसे सापडत नाहीत, त्याचं कारण मला हेच वाटतं: ते न्यायाधीशांसमोर पोचण्याआधीच संपत असत.

इथे त्या बायकोचाही विचार केला पाहिजे. तिला लग्नाआधी कुणी काही सांगितलं नाही. ऐन उमेदीची वर्षं तिने स्वतःत काय कमी आहे हे शोधण्यात घालवली. तिचा राग खरा आहे आणि फसवणुकीबद्दल दाद मागण्याचा तिचा हक्कही खरा आहे. फक्त तो राग नवऱ्यावरचा आहे. मुलाच्या बापावर तो आपोआप लागू होतो का, हा वेगळा प्रश्न, आणि न्यायालयं हळूहळू तो वेगळा करायला शिकली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये एका ताब्याच्या प्रकरणात नवऱ्याने बायकोवर केलेल्या व्यभिचाराच्या आरोपाबद्दल नेमकं हेच सांगितलं: व्यभिचार घटस्फोटाचं कारण होऊ शकेल, मुलाचा ताबा नाकारण्याचं नाही. जोडीदार म्हणून कुणी कसं होतं आणि आई म्हणून कसं आहे, या दोन निरनिराळ्या चौकश्या आहेत. ते प्रकरण समलिंगी जोडप्याचं नव्हतं. पण नाकाडोंगरीच्या आपल्या बापाला उद्या वकीलपत्र द्यायची वेळ आली, तर त्याच्या वकिलाच्या हातात हा निकाल असेल.

हा फरक करायला जगाला फार वेळ लागला. अमेरिकेत, सिअ‍ॅटल शहरात, सँडी शूस्टर आणि मॅडेलीन आयझॅकसन या दोघी चर्चमध्ये भेटल्या, प्रेमात पडल्या आणि आपापली मुलं घेऊन नवऱ्यांच्या घरातून बाहेर पडल्या. दोघींची मिळून सहा मुलं. १९७२ साली न्यायालयाने मुलं आयांकडेच ठेवली, पण अट घातली की दोघींनी एका घरात राहायचं नाही. दोघींनी एकाच इमारतीत समोरासमोरची दोन घरं भाड्याने घेतली. न्यायालयाचा शब्द पाळला गेला आणि मुलं मधल्या बोळातून इकडून तिकडे धावत राहिली. पुढे ती अट उठली आणि १९७८ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलं आयांकडेच राहू दिली. डॅलसच्या मेरी जो रिशर या आईचं नशीब तसं नव्हतं. १९७५ साली ज्युरीने तिचा मुलगा तिच्याकडून काढून घेतला.

या दाव्यांचा खर्च कोण करत होतं? मैत्रिणी. १९७४ मध्ये सिअ‍ॅटलमध्येच लेस्बियन आयांसाठी बचाव निधी उभा राहिला. वर्गणी गोळा करायची, वकील शोधून द्यायचा, दूरच्या गावातल्या अनोळखी आईला पत्राने धीर द्यायचा, असं त्याचं काम. रक्ताच्या नातेवाइकांनी पाठ फिरवलेल्या बायकांना दुसऱ्या बायकांनी आपलं म्हटलं.

आणि आता या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. १९७६ साली लंडनमध्ये सुझन गोलोम्बोक नावाची एक तरुण विद्यार्थिनी बालविकासाचा अभ्यास करत होती. ‘स्पेअर रिब’ या स्त्रीवादी मासिकात तिने एक लेख वाचला. लेस्बियन आया न्यायालयात मुलं गमावत होत्या, कारण तज्ज्ञ साक्षीदार येऊन सांगत की अशा घरात मूल बिघडेल. लेखाचं म्हणणं होतं, याचा पुरावा कुणाकडे आहे? कुणी तटस्थ माणसाने अभ्यास करावा. गोलोम्बोक पुढे झाली. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी लेस्बियन आयांची सत्तावीस कुटुंबं आणि नवऱ्याशिवाय मुलं वाढवणाऱ्या इतर आयांची सत्तावीस कुटुंबं शेजारी ठेवून पाहिली. १९८३ मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांची मानसिक तब्येत, त्यांचे सवंगडी, आपण मुलगा की मुलगी याबद्दलची त्यांची जाण, कशातही आईच्या लैंगिक कलामुळे बिघाड दिसला नाही. पुढची चार दशकं गोलोम्बोक यांनी हाच प्रश्न नाना तऱ्हेच्या कुटुंबांत विचारला: दोन बापांची घरं, दत्तक मुलांची घरं, सरोगसीने झालेल्या मुलांची घरं. उत्तराचा गाभा तोच राहिला. मूल कसं वाढेल हे घराच्या रचनेवर कमी आणि घरातल्या मायेवर, स्थैर्यावर, भांडणांच्या प्रमाणावर जास्त ठरतं. कुटुंबाविषयीचं माणसाचं हे एवढं मोठं ज्ञान ताब्याच्या दाव्यांतून, मुलं गमावलेल्या आयांच्या दुःखातून जन्माला आलं.

युरोपात हा मुद्दा कायद्याच्या भाषेत पक्का व्हायला १९९९ साल उजाडलं. पोर्तुगालमधल्या एका बापाला खालच्या न्यायालयाने मुलगी दिली होती. लिस्बनच्या वरच्या न्यायालयाने ती काढून आईला दिली आणि कारणांत लिहिलं की बाप दुसऱ्या पुरुषासोबत राहतो, मुलीने पारंपरिक पोर्तुगीज कुटुंबात वाढावं. २१ डिसेंबर १९९९ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला.

परत आपल्याकडे येऊ. भंडाऱ्याचे न्यायाधीश आपल्या कल्पनेतल्या त्या बापाला काय विचारतील? पगार किती, घर केवढं, हे तर आहेच. पण खरे प्रश्न त्यापुढचे. तुम्ही कामावर असताना मूल कुणाजवळ? रात्री ताप आला तर गाडी कोण काढेल? शाळेच्या पालकसभेला कोण जाईल? तुम्हाला काही झालं तर? म्हणजे न्यायालय एका माणसाची परीक्षा घेतच नाही. ते पाहतं, मुलाभोवती कोण आहे.

इथे समलिंगी मित्रांच्या गोतावळ्याची ताकद दिसते. बाहेरच्या माणसाला हा गोतावळा म्हणजे शनिवारची पार्टी आणि जूनमधली मिरवणूक वाटते. आतलं रोजचं जगणं वेगळं असतं. एखाद्याच्या ऑपरेशनला सही करायला कुणी नसतं तेव्हा मित्र रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसतात. घरातून काढून दिलेला मुलगा कुणाच्या तरी एक खोलीच्या घरात सहा महिने राहतो. दिवाळीला घरी जाता येत नाही त्या सगळ्यांचा फराळ एका घरी होतो. हे शिकावं लागलं. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, तेव्हा एड्सची साथ होती. आजारी मित्रांना नातेवाईक हात लावत नव्हते आणि मित्रच त्यांचं करत होते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीत पुस्तकं लिहिली, आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांना आपल्याबद्दल आपल्या भाषेत पहिल्यांदा काही वाचायला मिळालं. विदर्भात नागपूरचा सारथी ट्रस्ट आहे. ३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळात इथलाच एक तरुण आणि त्याचा व्हिएतनामी जोडीदार यांनी मित्रमंडळींसमोर एकमेकांना वचन दिलं. २०२१ च्या डिसेंबरात नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी एकमेकींना अंगठ्या घातल्या. समलिंगी मुलांच्या आईवडिलांनीही ‘स्वीकार’ नावाचा आपला गट केला, आणि नव्याने कळलेल्या आईला अनुभवी आई फोन करू लागली.

ज्या मुलाचा बाप अशा गोतावळ्यात आहे, त्या मुलाला काका-मावश्यांची कमी नसते. त्यातला एक त्याचं गणित घेतो, एक सायकल शिकवतो, एक आजीला नियमाने फोन करतो. न्यायालयासमोर ही माणसं साक्षीला आली, तर ती त्या बापाची सर्वांत भक्कम बाजू ठरतील. अडचण एकच: साक्षीला यायचं म्हणजे भर न्यायालयात आपण कोण हे सांगायचं. नाकाडोंगरीसारख्या गावाजवळच्या न्यायालयात, जिथे निम्मे लोक ओळखीचे, ते सोपं नाही.

ताब्याच्या दाव्याचं एक उलटं रूपही आहे आणि ते आपल्या देशात जास्त दिसतं. इथे ताबा मागितला जातो तो मोठ्या माणसाचा. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी मैत्रिणीबरोबर निघून जाते, आईवडील पोलिसांत जातात, मुलीला घरी आणून कोंडतात, आणि मैत्रीण उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करण्याचा, अर्ज करते: माझं माणूस मला परत द्या. ३१ मे २०२२ रोजी केरळ उच्च न्यायालयाने आदिला आणि नूरा या दोघींना असंच पुन्हा एकत्र आणलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जांसाठी सर्व उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या. न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी आईवडिलांच्या अनुपस्थितीत, मोकळेपणाने बोलावं. समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवण्याचा प्रयत्न करू नये. आणि कुटुंब म्हणजे फक्त जन्माचं कुटुंब असं धरू नये. माणसाने निवडलेलं कुटुंबही त्यात येतं. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की कुटुंब उभं करण्याचा लग्न हा काही एकमेव मार्ग नाही.

पण निवडलेल्या कुटुंबाचा कायदा आपल्या देशात फार जुना आहे. किन्नर समाजात तो पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. नवीन आलेली व्यक्ती गुरूकडे रीत करून चेला होते, मग तिला गुरुबहिणी मिळतात, नानी मिळते, घराणं मिळतं. चेल्याला गुरू बदलायचा असेल तर तो तंटा जमातीसमोर येतो, पंच बसतात, नवा गुरू जुन्या गुरूला ठरलेली रक्कम देतो, आणि प्रत्येक बदलीला ती वाढत जाते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सेरेना नंदा यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत तपशिलाने नोंदवली आहे. ताब्याचा हा दावाच आहे, फक्त आपल्या नियमांनी, आपल्या पंचांसमोर चाललेला. त्याच १९९० साली शेजारच्या मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने मालमत्तेच्या एका खटल्यात गुरु-चेल्याची ही वारसापरंपरा मान्य केली. रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नातं नाही, तरी वारसा खरा.

याच परंपरेतून आलेल्या, पण एका मुलीची आई झालेल्या गौरी सावंत यांना महाराष्ट्र ओळखतो. पुण्यात जन्मलेल्या गौरींनी मुंबईत सखी चार चौघी ट्रस्ट उभा केला. एका शरीरविक्रय करणाऱ्या बाईचं एड्सने निधन झालं, तिची लहान मुलगी उघड्यावर पडली, आणि गौरींनी तिला घरी आणून वाढवलं. आई म्हणून रोज जे करायचं ते सगळं त्यांनी केलं, पण कागदावर आई व्हायची सोय नव्हती. म्हणून तृतीयपंथीयांना मूल दत्तक घेता यावं यासाठी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्याच न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. आईपणाचा प्रश्न तरीही उभाच राहिला.

समलिंगी जोडप्यांचंही तेच. एकटा पुरुष बालन्याय कायद्याखाली मुलगा दत्तक घेऊ शकतो, मुलगी नाही. गंमत म्हणजे १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली एकट्या हिंदू पुरुषाला मुलगीही घेता येते, फक्त दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. पण दोन पुरुषांनी जोडपं म्हणून दत्तक घ्यायची वाट बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी ती उघडावी असं म्हटलं, तिघांनी नाही. सरोगसीचा २०२१ चा कायदाही समलिंगी पुरुषांना दार उघडत नाही. म्हणून अशा घरात एक बाप कायद्याने बाप असतो आणि दुसरा कायद्याने परका. मुलाला रोज डबा भरून देणारा तो परका. पहिला बाप अचानक गेला तर मुलाचा ताबा मागायला दूरचा चुलता येऊ शकतो, आणि सतराव्या कलमातली ‘नात्याची जवळीक’ त्याच्या बाजूने बोलू लागते.

त्यावर आज काही उपाय आहेत, आणि ते जितके लोकांना कळतील तितकं बरं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचं नववं कलम बापाला मृत्युपत्रात मुलासाठी पालक नेमू देतं. एकट्याने दत्तक घेतलेल्या बापाने साध्या मृत्युपत्रात जोडीदाराचं नाव लिहून ठेवलं, तर त्या परक्याला उभं राहायला जमीन मिळते. मुलाची आई हयात असलेल्या घटस्फोटित बापाला मात्र हा मार्ग तसा मोकळा नाही. तिथे आईचा हक्क आधी येतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की समलिंगी व्यक्तींना जोडीदारासोबत संयुक्त बँक खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने तर राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच घरातले मानावेत. विवाहाचा कायदा ज्यांना अजून जोडपं म्हणत नाही, त्यांना रेशनकार्ड एका घरातले म्हणू लागलंय. आणि ताब्याच्या दाव्यात दोघं एका घरात राहतात हे दाखवायची वेळ आली, तर नाकाडोंगरीपासून मुंबईपर्यंत रेशनकार्डाइतका ओळखीचा कागद दुसरा कोणता आहे?

वाचणाऱ्यांत अशा दाव्यात अडकलेली आई असेल, बाप असेल, किंवा त्यांचा मित्र असेल, तर एक काम आजच करा. मुलाची शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, कोण कधी सोबत होतं याची तारखेनिशी नोंद एका फाइलमध्ये लावून ठेवा. आणि मित्रांनो, साक्षीला बोलावलं तर जा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि कमी उत्पन्नाच्या पुरुषांनाही. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे आणि फोन करायला पैसे लागत नाहीत.